तोल का जमत नव्हता: गेम जॅममधल्या एका अभिप्रायाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या एका ४८ तासांच्या गेम जॅमनंतर एका लेखी अभिप्रायावरून जे घडलं, त्याची ही नोंद. माणसांची, कॉलेजची आणि कंपनीची नावं काढली आहेत. जॅमचे गेम तपासणाऱ्यांना, अभिप्राय देणाऱ्यांना आणि तो घेणाऱ्या गटांनाही यातला तांत्रिक भाग उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर दिला आहे.

पार्श्वभूमी

गेम जॅममध्ये विषय आयत्या वेळी मिळतो आणि ठरलेल्या तासांत खेळता येईल असा गेम उभा करायचा असतो. लुडम डेअर हा ऑनलाइन जॅम २००२ मध्ये सुरू झाला, ग्लोबल गेम जॅम २००९ च्या जानेवारीत सुरू झाला. पुण्यातला हा जॅम त्याच धर्तीवर होता. शुक्रवारी संध्याकाळी सहाला विषय जाहीर आणि रविवारी संध्याकाळी सहाला गेम जमा. त्यापुढे पुढच्या आठवड्यातल्या मंगळवार रात्रीपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, एकमेकांचे गेम खेळून १ ते ५ गुण आणि लेखी अभिप्राय द्यायचे. गट चौदा होते. प्रत्येक गटाने किमान सहा गेम तपासायचे, असा नियम होता. लुडम डेअरमध्ये अंतिम क्रमांक मिळायला गेमला किमान २० जणांचे गुण लागतात. तिथे दुसऱ्यांचे गेम खेळल्याशिवाय आपला गेम फारसा कोणी खेळत नाही, आणि इथला नियमही त्याच विचाराने केला होता. शिवाय गेम उद्योगात काम करणारे चार जण बाहेरून परीक्षणाला बोलावले होते.

विषय होता ‘तोल’. या प्रकरणातला गट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या तिघांचा. एक मुलगी प्रोग्रॅमिंगला, एक मुलगी चित्रांना, आणि आवाज व रस्त्याची मांडणी करायला एक मुलगा. गेम गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, केलेला, ब्राउझरमध्ये चालणारा. पहाटेची सदाशिव पेठ, हँडलला दोन किटल्या लटकवलेला सायकलवरचा दूधवाला, आणि रतिबाची पाच घरं. सायकल आपोआप पुढे जाते. खेळणाऱ्याने डाव्या-उजव्या बाणाने तोल सांभाळायचा. कललं की दूध सांडतं, फार कललं की सायकल आडवी. स्पीडब्रेकर जवळ आला की किटलीची कडी खुळखुळते, ती सावध व्हायची खूण. सगळा गेम दीड मिनिटाचा. जॅमसाठी हे माप अगदी नेमकं आहे: एकच क्रिया, एकच धोका, आणि विषयाशी थेट नातं.

अभिप्राय

जमा केल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी रात्री साडेअकराला बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने हा गेम खेळला. बाणेरच्या एका स्टुडिओत आठ वर्षं मोबाइल गेम करणारा माणूस. त्याने सात वेळा प्रयत्न केला आणि ५ पैकी २ गुण देऊन बारा मुद्दे लिहिले. त्यातले काही असे:

“गेम खेळण्याजोगा नाही. अवघडपणाचा काहीच विचार केलेला नाही. बाणांऐवजी माऊस द्या. सुरुवातीला ट्युटोरियल हवं. चित्रं हौशी वाटतात. दुसऱ्या स्पीडब्रेकरच्या पुढे मी एकदाही गेलो नाही. खरं तर हा गेम थ्रीडीच करायला हवा होता.”

बारा मुद्द्यांत पाच निकाल होते, सहा उपाय होते आणि घडलेली गोष्ट सांगणारं वाक्य एकच: ‘दुसऱ्या स्पीडब्रेकरच्या पुढे मी एकदाही गेलो नाही.’ ते नवव्या क्रमांकावर होतं आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाचंही त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. आठ वर्षं अनुभव असलेला माणूस सात प्रयत्नांत पहिल्या वीस सेकंदांपलीकडे जात नाही, हा एवढा मोठा पुरावा निकालांच्या गर्दीत दडून गेला.

याआधी गेमला अकरा अभिप्राय आले होते. सात नुसते “मस्त”, “कडक रे”, “भारी कन्सेप्ट” अशा धर्तीचे. ते मनापासून लिहिलेले होते, पण त्यावरून गटाला एक ओळही बदलता किंवा राखता आली नसती. उरलेल्या चारांतला एक मात्र फार चांगला होता: “तिसऱ्या घरापाशी मांजर आडवं गेलं तेव्हा मी खुर्चीत स्वतःच डावीकडे कललो.” काय घडलं, कुठे घडलं आणि खेळणाऱ्याला काय झालं, हे तिन्ही या एका वाक्यात आहे. गट मांजर काढून टाकायच्या विचारात होता. या वाक्यामुळे ते राहिलं. कौतुकही नेमकं असेल तरच कामाला येतं.

अडचण

तिघांनी अभिप्राय तीन तऱ्हांनी घेतला. प्रोग्रॅमर मुलीने आपल्या लॅपटॉपवर गेम लावला, पहिल्याच फेरीत पाचही घरं पूर्ण केली आणि म्हणाली, “सरांना जमत नाहीये, त्याला आपण काय करणार?” मुलाने तिखट उत्तर लिहिलं, सुदैवाने पाठवलं नाही. चित्रं काढणाऱ्या मुलीने आयोजकांना दोन ओळींचा निरोप पाठवला की गेम स्पर्धेतून काढता येईल का.

“कोणत्या मशीनवर खेळलात?” हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. याचं एक कारण इथलं आहे. परीक्षक म्हणजे ‘सर’, आणि सरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, असं मुलांना वाटलं. इथे स्पष्ट बोलण्याला मान आहे, पण तो मान बहुधा वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्याच्या बाजूने चालतो. अभिप्रायाच्या देवाणघेवाणीत हा कल गृहीत धरूनच व्यवस्था करावी लागते. आपसूक काही तो जात नाही.

समोरचे पर्याय

बुधवारी सकाळी आयोजकांनी चार गोष्टींचा विचार केला.

पहिली, अभिप्राय काढून टाकणं. मुलांना तात्पुरतं बरं वाटलं असतं, पण त्या नवव्या वाक्यासकट सगळंच गेलं असतं, आणि परीक्षकही पुन्हा मोकळेपणाने लिहायला धजला नसता. दुसरी, गटाला ‘मनावर घेऊ नका’ असं सांगणं. सगळ्यात सोपा मार्ग हाच, आणि बहुतेक ठिकाणी हेच होतं. तिसरी, परीक्षकाला अभिप्राय नव्याने लिहायला सांगणं. चौथी, दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून गेम खेळून बघणं.

चौथ्याबद्दल मतभेद होता. भडकलेल्या मुलांसमोर परीक्षकाला बसवलं तर भांडण होईल, अशी धास्ती एका आयोजकाला होती आणि ती खोटी नव्हती. म्हणून आधी तिसरं करायचं आणि नव्या लेखनावरून चौथ्याचं ठरवायचं, असा क्रम लागला. हा क्रम योग्यच होता. थेट भेट घडवली असती तर परीक्षक आपल्या निकालांचं समर्थन करत बसला असता.

काय केलं

बुधवारी संध्याकाळी आयोजकाने परीक्षकाला फोन केला. “तुमचा अभिप्राय काढायचा नाहीये. फक्त खेळताना काय काय झालं तेवढंच परत लिहून द्याल का? काय करायला हवं ते सध्या बाजूला राहू द्या.” आणि तीन प्रश्न दिले: कशावर खेळलात, कुठे अडलात, आणि अडलात त्या क्षणी तुम्ही काय करू बघत होता?

गुरुवारी आलेलं लेखन पहिल्याच्या निम्मं होतं:

“गेमिंग लॅपटॉप, क्रोम. घरात बाळ झोपलं होतं म्हणून आवाज बंद. सात प्रयत्न. सायकल कलतेय हे दिसतं, मी उलटा बाण दाबतो, पण बोट पोचायच्या आत आडवी. रस्ता मात्र सावकाश सरकतो. कोणत्या घरापाशी थांबायचं ते कळलं नाही.”

‘रस्ता मात्र सावकाश सरकतो’ या चार शब्दांवर प्रोग्रॅमर मुलगी अडखळली. गेम मुद्दामच अवघड केला असता तर रस्ताही पळाला असता. इथे रस्ता ठीक आणि पडणं झपाट्याचं. तिने स्वतःहून विचारलं, “सर, तुमचाच लॅपटॉप घेऊन याल का?” नुसता निकाल वाचून हा प्रश्न तिला कधीच सुचला नसता.

रविवारी सकाळी अकराला कॉलेजच्या लॅबमध्ये बैठक झाली. नियम तीनच. खेळणारा मनात येईल ते मोठ्याने बोलेल. गट पहिली दहा मिनिटं गप्प बसेल, बाण कुठले हेसुद्धा सांगणार नाही. आणि प्रत्येक जण वेळेसकट नोंद लिहील: किती सेकंदाला काय झालं, हात कुठे होते, तोंडून काय निघालं. गप्प बसणं या मुलांना फार जड गेलं. आवाजाचं काम करणाऱ्या मुलाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा स्वतःच मिटलं.

मग दोन लॅपटॉप शेजारी ठेवले. दोन्हींवर गेम सुरू केला, हात बाजूला, एकही बटण दाबायचं नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही पडदे टिपले आणि सायकल कलायला लागल्यापासून आडवी होईपर्यंतचा वेळ मोजला. मुलीच्या लॅपटॉपवर १.८ सेकंद. परीक्षकाच्या लॅपटॉपवर ०.७५ सेकंद. तिने मोबाइलवर भागाकार केला: २.४. मग डिस्प्लेच्या सेटिंग्ज उघडल्या. तिचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, त्याचा १४४ हर्ट्झचा. १४४ भागिले ६०, पुन्हा २.४.

“अगं, हे माझंच आहे,” ती चित्रकार मैत्रिणीला म्हणाली.

बिघाड काय होता

गोडोमध्ये दोन ठिकाणी हालचालीचा कोड लिहिता येतो. प्रोसेस या फंक्शनमधला कोड पडद्यावर दर फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, काढताना एकदा चालतो. फिजिक्स प्रोसेसमधला कोड ठराविक गतीने, मुळात सेकंदाला ६० वेळा, चालतो, पडदा कोणताही असो. रस्ता सरकवणं फिजिक्स प्रोसेसमध्ये लिहिलं होतं, म्हणून तो सगळीकडे सारखा पळत होता. कलण्याचं गणित मात्र शनिवारी पहाटे घाईत प्रोसेसमध्ये गेलं आणि त्यात दोन फ्रेममधला वेळ, म्हणजे डेल्टा, कुठेच धरला नव्हता. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते गणित सेकंदाला ६० वेळा होत होतं, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १४४ वेळा.

डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. १.८ सेकंदांत तो वेळ परवडतो. ०.७५ सेकंदांत कल डोळ्यात भरेपर्यंतच बराच वेळ गेलेला असतो, आणि उलटा बाण दाबला की सायकल तितक्याच झपाट्याने दुसऱ्या बाजूला जाते. परीक्षकाचा ‘माऊस द्या’ हा उपाय याच अनुभवातून आला होता. त्याला बाण उशिरा पोचल्यासारखे वाटत होते. उपाय चुकीचा, अनुभव खरा.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक, कलण्याच्या गणितात डेल्टाने गुणायचं. पण मग जॅमच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, तासभर बसून जमवलेले सगळे आकडे बदलावे लागले असते. वेग आणि कोन दोन्हींत वेळ येतो, एकाच ठिकाणी गुणलं तर गेम जमवला होता तसा राहत नाही. दुसरा मार्ग, सगळं गणित जसंच्या तसं फिजिक्स प्रोसेसमध्ये हलवायचं. तिथली गती मुळातच सेकंदाला ६०, म्हणजे तिच्या लॅपटॉपवर जो तोल जमला होता तोच सगळीकडे मिळणार. तिने दुसरा निवडला. काम बारा मिनिटांत झालं.

बाकीच्या मुद्द्यांचं काय

‘चित्रं हौशी वाटतात’ याबद्दल आयोजकाने परीक्षकाला बैठकीत थेट विचारलं, नेमकं काय दिसलं तेव्हा असं वाटलं? त्याने जरा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि बोट ठेवलं: रतिबाच्या घरांची दारं आणि भिंती, दोन्ही पहाटेच्या निळ्या रंगाच्या. थांबायचं घर कुठलं ते ओळखूच येत नव्हतं. चित्रकार मुलीने आठच रंग घेतले होते आणि त्यातले तीन निळे होते. तिला यावर उपाय लगेच सुचला, दारावर पिवळा बल्ब. ती एवढंच म्हणाली, “हे तेव्हाच लिहिलं असतं तर...”

‘ट्युटोरियल हवं’ याच्या मागे आवाज बंद असणं होतं. स्पीडब्रेकरची खूण फक्त कडीच्या खुळखुळण्यात होती, ती त्याला ऐकूच आली नाही. खुळखुळताना किटली पडद्यावरही हलवली की झालं, ट्युटोरियलची गरज उरत नाही. थ्रीडीच्या मुद्द्याबद्दल विचारलं तेव्हा मागे कुठलीच घडलेली गोष्ट निघाली नाही. ती आवड होती, आणि ४८ तासांत तिघांनी केलेल्या गेमला लावायचा निकष तर नव्हेच. तो सोडून दिला.

यातलं लगेच काय बदलायचं, हा वेगळा प्रश्न होता. मूल्यमापनाच्या काळात गेममध्ये भर घालायला मनाई असणं रास्त आहे, नाहीतर ४८ तासांना अर्थ राहत नाही. आयोजकांनी रेघ अशी ओढली: गटाने जो गेम केला तोच सगळ्यांच्या मशीनवर दिसावा, एवढीच दुरुस्ती चालेल, आणि मूळ आवृत्ती शेजारी ठेवायची. त्यामुळे कलण्याची दुरुस्ती रविवारी रात्री चढली. पिवळा बल्ब आणि हलणारी किटली जॅमनंतरच्या आवृत्तीत गेले. मुलाला हे पटलं नाही. घर ओळखू न येणं हाही दोषच, असं त्याचं म्हणणं होतं. पण बल्ब हा नवा निर्णय होता आणि बाकीच्या तेरा गटांना तशी संधी नव्हती.

परिणाम

परीक्षकाने दुरुस्त गेम पुन्हा खेळला, चौथ्या प्रयत्नात पाचही घरं पूर्ण केली आणि २ चे ४ गुण केले. आणखी दोघांनी गेमला कमी गुण दिले होते. आयोजकांनी त्यांना पडद्याबद्दल विचारलं. एकाचा १२० हर्ट्झचा निघाला, म्हणजे त्याच्याकडे सायकल दुप्पट वेगाने कलत होती. त्याने पुन्हा खेळून गुण बदलले. दुसऱ्याचा साधा ६० हर्ट्झचाच होता. त्याला गेम आवडला नव्हता इतकंच, आणि ते त्याने तसंच ठेवलं. तेही बरोबर. गेम चौदांत सहावा आला.

पुढच्या जॅमसाठी अभिप्रायाचा फॉर्म बदलला. वर तीन सक्तीचे रकाने आले: मशीन, ब्राउझर व पडद्याचा हर्ट्झ, आवाज चालू की बंद; कुठपर्यंत पोचलात; आणि खेळताना घडलेल्या किमान दोन गोष्टी, वेळेसकट. मत आणि सूचनांचा रकाना त्याखाली, ऐच्छिक. वरचे रकाने भरल्याशिवाय तो उघडत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

हा बिघाड जमा करण्याआधी दोन मिनिटांत सापडला असता, आणि त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. गोडोच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये, ॲप्लिकेशनखाली, रन या भागात कमाल एफपीएस (सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम) ३० करायचा आणि गेम खेळायचा. काही हळू झालं तर ते गणित फ्रेमला बांधलेलं आहे. या गेममध्ये सायकल निम्म्या वेगाने कलली असती आणि रस्ता तसाच पळाला असता. जॅमच्या शेवटच्या तासाच्या यादीत हे असायलाच हवं.

गटाने गेमच्या पानावर पूर्ण फेरीचा व्हिडिओ टाकला असता तरी चाललं असतं. परीक्षकाला पहिल्या मिनिटातच दिसलं असतं की आपल्याकडे काही वेगळंच होतंय.

परीक्षकाच्या बाजूने, तिसऱ्यांदा एकाच जागी पडल्यावर थांबायला हवं होतं. सातव्यांदा पडल्यावर जे लिहिलं जातं ते चिडून लिहिलेलं असतं. बाकीच्यांचे अभिप्राय त्याच पानावर होते आणि त्यात तिसऱ्या घराच्या मांजराचा उल्लेख होता, म्हणजे लोक तिथवर पोचत होते. ही विसंगतीच त्याने लिहायला हवी होती: ‘इतर तिसऱ्या घरापर्यंत गेलेत, मी दुसऱ्या स्पीडब्रेकरलाच पडतोय, माझ्याकडे काही बिघडलंय का?’

गटाला एक ओळ आधीच हाताशी देता आली असती, म्हणजे ‘सरांना कसं विचारू’ हा संकोच उरला नसता: ‘वेळ काढून खेळलात, आभार. कोणत्या मशीनवर खेळलात आणि कुठे अडलात ते सांगाल का?’ आता ही ओळ प्रत्येक गटाला जॅमच्या पहिल्याच दिवशी दिली जाते.

आयोजकांची चूक मात्र दुरुस्त झाली नाही. परीक्षकाला फोन बुधवारी संध्याकाळी गेला. गेम काढून घ्यायचा निरोप बुधवारी सकाळीच आला होता, तरी चित्रकार मुलीशी कोणी रविवारपर्यंत बोललंच नाही. पिवळा बल्ब तिने नंतर काढून दिला, छानच काढला. पुढच्या जॅमला बाकी दोघं आले, ती आली नाही, आणि का ते तिला कोणी विचारलं नाही.